हिरव्या पाटीचं गुपित

"हिरवा! आजही हिरवाच!" निकिता चौकातल्या पाटीकडे बोट दाखवून ओरडली.

"पाटी हिरवी अन् पाण्याची टाकी गायब!" जुनेद खोकत म्हणाला. "एवढी मोठी टाकी धुरात दिसून नाही राह्यली, अन् म्हणे हवा चांगली!"

दिवाळीच्या सुट्टीतली सकाळ होती. घाटंजीजवळच्या बोरडोह गावात सोयाबीन निघालं, की शेतांच्या धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे बांधांवर, काडीकचरा पेटायचा. थंडीमुळे धूर वर जायचा नाही, गावावरच गोधडीसारखा पसरून राहायचा. यंदा एका संस्थेनं वाचनालयाच्या गच्चीवर हवा मोजणारी मशीन बसवली होती आणि चौकात तिची पाटी लावली होती. हवा चांगली असली की हिरवा दिवा, बिघडत गेली की पिवळा, केशरी आणि शेवटी लाल. पण लाल दिवा अजून कुणी पाहिलाच नव्हता!

दोघं हसत होते. त्यांच्यासोबतच्या दिपालीला मात्र हसू येईना. तिच्या आजोबांना, नानाजींना, दम्याचा त्रास होता. रोज सकाळी ते शेताकडे फिरायला जायचे आणि धापा टाकत परत यायचे. धुरात फिरू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण बाबा म्हणत, "धूर कुठचा? पाटी पाहा ना! नानाजींचं वय झालं, दुसरं काय. रविवारी त्यांना पुण्याला माह्या दादाकडे सोडून येतो. आता तिथंच राहू द्या."

ते ऐकून नानाजी उठून गेले होते. गोठ्यात जाऊन नुसते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते.

"मले वाटते, मशीनच बिघडली आहे," दिपाली म्हणाली. "आपण तिची परीक्षा घेऊ!"

"परीक्षेले धूर पाह्यजे ना? अम्मीची लोबानदानी आणतो!" जुनेद पळालाच.

जुनेदचं घर वाचनालयाला अगदी लागून होतं. त्याच्या गच्चीवरून दिपालीनं आणि त्यानं लोबानाचा धूर सोडला. वाऱ्यानं तो थेट मशीनकडे नेला. निकिता खाली चौकात पाटीसमोर उभी होती.

"झाली का लाल?"

"कायची लाल! हिरवी ती हिरवीच!"

तेवढ्यात धूर विरळ झाला आणि दिपालीचे डोळे विस्फारले. मशीनवर खताची गोणी चढवलेली होती! वरून सुतळीनं पक्की बांधलेली!

"हे घनश्यामकाकाचंच काम!" जुनेद म्हणाला.

घनश्यामकाका वाचनालय सांभाळत. कापसाच्या दिवसांत गावभर रुई भुरभुरते. म्हणून बोरडोहमध्ये टीव्ही, शिलाई मशीन, स्कूटर, सगळ्यांवर काही ना काही पांघरलेलं असतं. काकांनी हवेची मशीनही त्याच मायेनं झाकली होती!

"काका, ते काढा ना," निकितानं विनवलं.

"अजिबात नाही! महागाची वस्तू आहे. रुई आत गेली तर मलेच बोलतीन. पळा पोट्टेहो!"

तिघं पायरीवर येऊन बसले. "भांडलो तर काका आणखी एक गोणी बांधतीन," दिपाली म्हणाली. मग एकदम तिचा चेहरा खुलला. "भांडायचंच कायले?"

दुसऱ्या दिवशी बाजार होता. धुरकट सकाळीच ती काकांसमोर जाऊन उभी राहिली. "काका, तुमचं वाचनालय कसं आरशासारखं! अन् वर ती कळकट गोणी? लोक काय म्हणतीन? द्या, आम्ही धुऊन आणतो."

काकांची छाती फुगली. "हे मात्र खरं बोलली हं पोरी!" ते लगबगीनं वर गेले आणि गोणी घेऊन आले. जुनेदनं ती बादलीत बुडवली.

"सावकाश धू बे!" निकिता कुजबुजली. "घाई कशाची आहे?"

थोड्या वेळानं पाटी पिवळी झाली. मग केशरी. आणि मग लालभडक!

"अरे बापरे! लाल!" बाजाराला आलेली माणसं पाटीभोवती गोळा झाली. बाबाही आले. धुऱ्यावरचा काडीकचरा पेटवून ते नुकतेच परतले होते. हाताला अजून राख होती.

घनश्यामकाका डोक्याला हात लावून म्हणाले, "म्हणजे मी मशीनचं नाकच बांधून ठेवलं होतं काय?"

सगळे खो खो हसले. दिपाली मात्र हळूच म्हणाली, "बाबा, नानाजी रोज आपल्याच धुऱ्यावरून फिरायले जातात."

बाबांनी हातावरच्या राखेकडे पाहिलं. ती झटकून टाकली. मग म्हणाले, "चाला रे, पाणी घ्या! पहिले माह्याच वावरातली आग विझवू." आठ-दहा जण बादल्या घेऊन त्यांच्यामागे निघाले.

त्या दिवसापासून काडीकचरा पेटवायचा नाही, खड्ड्यात कुजवायचा, असं ठरलं. गोणी काकांनी स्वतःच्या सायकलवर घातली! नानाजी पाटी पाहून, ऊन चढल्यावर फिरू लागले. त्यांची धाप बरीच कमी झाली. डॉक्टरांनी तिघांची पाठ थोपटली, आणि सरपंचांनी भर चौकात सांगितलं, "या पोरांनी गावाचे डोळे उघडले!"

शनिवारी रात्री बाबांनी पुण्याला फोन लावला.

"दादा, उद्या आम्ही येऊन नाही राह्यलो. नाही, नाही, तब्येत बेस आहे त्यायची. तूच ये पोराबाळांले घेऊन, तुरीच्या शेंगा खायले!"

दिपालीनं वळून पाहिलं. नानाजी खाटेवर कधीच गाढ झोपले होते, आणि त्यांचा श्वास संथ चालला होता.