दिव्यामागचा चेहरा

डोक्याला बांधायचा दिवा घ्यायला आम्ही दोघं गेलो, ती अगदी साधी दुपार होती. ऊन कोवळं, रस्त्यावर गर्दी बेताची. माझं चष्म्याचं दुकान मी तासभर बंद ठेवलं होतं. नवऱ्यासाठी दुकान बंद ठेवायची ती पहिलीच वेळ. हे म्हणालेसुद्धा, "आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?"

हे शाळेत सुतारकाम शिकवायचे. निवृत्त झाल्यावर यांना रानात राहायचं वेड लागलं. तंबू नाही, शेगडी नाही. फांद्यांचा आडोसा करायचा, लाकडावर लाकूड घासून जाळ पेटवायचा आणि एका सुरीवर सगळा संसार. मला त्यातलं काही जमत नसे, पण वर्षातून एक रात्र मी सोबत जायची.

त्या वर्षी गोष्ट निराळी होती. अंधार पडला की यांना दिसेनासं व्हायला लागलं होतं. आयुष्यभर मी लोकांचे डोळे तपासले आणि घरातल्याच डोळ्यांकडे माझं लक्ष नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. डॉक्टरांनी सांगितलं, रातांधळेपणा आहे, वाढत जाईल, पुढेमागे दिवसाचं दिसणंही आक्रसत जाईल. घरी आल्यावर हे चपला काढता काढता म्हणाले, "दिसतंय तोवर एकदा रानात जाऊन येऊ."

म्हणून तो दिवा.

दोर, तंबू, बूट विकणारं ते दुकान एक मध्यमवयीन बाई चालवत असे. तिनं आम्हाला मागच्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं आणि काळोखात एकेक दिवा पेटवून दाखवू लागली. यांनी सगळ्यांत झगझगीत होता तोच उचलला.

"हा घेऊ. समोरचा डोंगर दिसेल."

"डोंगर बघून करायचंय काय, काका?" ती हसली. "रानात लागतात आपले हात, आपले पाय आणि पुढची दहा पावलं. लांब झोताचा दिवा जवळचं सगळं पांढरंफटक करून टाकतो. गाठसुद्धा मारता येत नाही."

मग तिनं दुसरा दिला. पसरट, पिवळसर उजेडाचा. बटण मोठं, हातमोजे घालूनही चाचपून सापडेल असं. साधे सेल चालणारा, पिशवीत आपोआप पेटू नये म्हणून कळ असलेला. यांनी तो कपाळावर बांधला, स्वतःच्या हातांकडे पाहिलं, बोटं उघडली, मिटली. बराच वेळ हातच बघत राहिले. मी मान वळवली. मला लाल उजेडाचा छोटा दिवा पुरेसा होता, लाल उजेडात डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही.

निघताना ती बाई म्हणाली, "बोलताना दिवा खाली वळवत जा. समोरच्याला नुसता उजेड दिसतो, माणूस दिसत नाही."

रान उंच, सरळ खोडांचं होतं. संध्याकाळपर्यंत यांनी आडोसा उभा केला, जाळ पेटवला. मी गवत पसरलं. मग अंधार आला, तोही एकदम नाही. कुणी पाण्यात शाई सोडावी तसा खोडाखोडांतून उतरत आला. माझ्या लाल उजेडात सगळं मिटल्या पापण्यांच्या आतल्यासारखं दिसत होतं. ओल्या सालीचा, कुजक्या पानांचा गोडसर वास. खाली कुठेतरी ओढा पुटपुटत होता.

"पाणी आणतो," हे म्हणाले.

"मी येते."

"चाळीस पावलं आहेत, आणि दिवा आहे. एवढं तरी एकट्यानं करू दे गं."

मी बसून राहिले. त्यांचा पिवळा उजेड खोडांमागे लपत, डोकावत, डुलत खाली गेला. ओढ्यापाशी थांबला. मला तो नीट दिसावा म्हणून मी माझा दिवा विझवला. जाळही निखाऱ्यांवर आला होता.

उजेड हलेना. पाणी भरायला असा किती वेळ लागतो? मी हाक मारली. पण माझा आवाज मलाच कापसातून आल्यासारखा वाटला. झोप नव्हती, तरी झोपेत असतं तसं अंग जड, सुखावलेलं. उठावंसं वाटेना.

तेवढ्यात हे माझ्या शेजारी येऊन बसले. पाऊल वाजलं नाही, गवतही वाजलं नाही. नुसती ऊब आली, ओळखीची. माझ्या हातावर हात आला.

"आलात?"

"हं."

"आणि दिवा?"

"नको तो दिवा..." आवाज यांचाच, फक्त झोपाळलेला. "दिसतंय गं मला."

"काय दिसतंय?"

"सगळं. पान न् पान. तू रडतेयस तेही."

मी खरंच रडत होते. इतके दिवस मनातही मागायला धजले नव्हते ते कुणीतरी माझ्या ओंजळीत टाकलं होतं. ओढ्यावर तो उजेड अजून तसाच होता. दिसत होता मला. पण मी त्याचा विचारच केला नाही. करावासा वाटला नाही.

माझा धंदाच तसला, सवय जात नाही. मी काळोखात हात वर केला. "किती बोटं?"

"तीन."

बरोबर होतं. मी हसले. "आता?"

"दोन."

तेही बरोबर. मग का कुणास ठाऊक, मी हात पाठीमागे नेला. पाठीशी धरून, अंगाआड पूर्ण झाकून, बोटं उघडली. "...आणि आता?"

"चार," आवाज लगेच आला.

चारच होती.

अंगावर सर्रकन काटा आला. कितीही चांगले डोळे असोत, माणूस माणसाच्या आरपार बघत नाही. माझ्या हातावरचा हात तसाच होता, उबदार. त्यानं पकडलं नव्हतं. सोडवत नव्हतं ते मलाच.

तेव्हाच ओढ्यावरचा उजेड हलला आणि खोडांतून वर येऊ लागला.

"तिकडे बघू नकोस," शेजारून आवाज आला. "तो नुसता उजेड आहे. त्याच्यामागे कुणी नाही..."

मी पाहिलं. खरंच, कुणी दिसत नव्हतं. एक पिवळा गोळा, माणसाच्या उंचीवर, हेलकावत येणारा. इकडे माझ्या नवऱ्याचा आवाज, त्याची ऊब, त्याचे बरे झालेले डोळे. तिकडे बिनचेहऱ्याचा उजेड. आणि तो उजेड ठेचकाळला. एकदा, मग पुन्हा. मुळाला अडखळून खाली गेला, सावरला, परत वर आला.

रोज संध्याकाळी घराच्या जिन्यावर हे असेच ठेचकाळतात.

मी हात काढून घेतला. किती जड गेलं ते सांगता येणार नाही. उठले आणि उजेडाकडे धावत सुटले. "दिवा खाली करा! अहो, दिवा खाली करा!"

उजेड खाली झाला. समोर हे उभे होते. गुडघे चिखलानं माखलेले, हातात अर्धी सांडलेली बाटली, डोळे किलकिले करून मला शोधत.

मी दिव्याच्या उजेडाबाहेर हात धरला. "किती बोटं?"

"कसली बोटं? मला काही दिसत नाहीये," हे वैतागून म्हणाले. "तू आहेस कुठे?"

मी त्यांच्या गळ्यात पडून हसले की रडले, आठवत नाही. मग त्यांचा दिवा घेऊन आडोशाकडे उजेड टाकला. गवत पसरलेलं होतं. मी बसले होते तिथे खोलगट दबलेलं. शेजारी एक काडीही वाकलेली नव्हती.

काही न सांगता मी मोठा जाळ केला. पहाटेपर्यंत यांना चिकटून बसले आणि फटफटताच आम्ही निघालो.

यांना मी यातलं अक्षरही सांगितलं नाही. दिसतंय म्हणणाऱ्या त्या आवाजाबद्दल कोणत्या तोंडानं सांगू?

महिना गेला. एका संध्याकाळी हे स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसून लाकडी चमचा कोरत होते. ओठांवर काहीतरी गुणगुण चालली होती. संथ चाल, अंगाईसारखी.

"कुठलं गाणं हो?"

"तुझंच." हे मान वर न करता हसले. "ओढ्यावर माझ्या शेजारी बसून म्हणत होतीस ते. त्याच नादात मला उशीर झाला. इतकी वर्षं लपवून ठेवलास असा गळा?"

"मी... ओढ्यावर आले नव्हते."

"बरं बाई, नव्हतीस." सुरी लाकडावरून सरकत राहिली. "पण पुढची ओळ सांग ना. तेवढीच आठवत नाही."

ते गाणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी 'नाही येत' म्हणायला तोंड उघडलं, आणि पुढची ओळ, शब्दन् शब्द, सुरात, माझ्या तोंडून बाहेर आली.