मिठाचा भाऊ

स्कूटर थांबली तेव्हा नयन छत्रीखाली बसून फोन बघत होती. शेजारी वेशीचा दगड, मांडीवर मिठाची वाटी. मान वर न करताच तिने चिमूट पुढे केली.

"जिभेवर ठेवा आणि जा."

समोरून हात आला नाही, म्हणून तिने वर पाहिलं. हेल्मेट काढून एक मुलगा उभा होता. पाठीला मृदंग, केस घामाने कपाळाला चिकटलेले. तोही तिच्याकडेच बघत होता... जरा जास्तच वेळ.

"हे खाल्लं की काय होतं?"

"पहिल्यांदा आलात वाटतं? वाट मिळते. अख्ख्या कोलशेतात कोणी अडवणार नाही."

"एवढंच?"

"आणि बहीण मिळते."

"कोण?"

"मी. ज्याच्या हातचं मीठ खाल्लं, त्याचे तुम्ही भाऊ. आमच्या कुळाची रीत आहे."

मुलाने हात हळूच खिशात घातला. "दुसरी वाट नाही का?"

"आहे ना. येऊरच्या डोंगराला वळसा घालून. पण ती डोंगरकुळाची वाट. तिथे तोंडातून शब्द काढायचा नाही."

"चालेल," तो म्हणाला आणि त्याने स्कूटर वळवली.

ठाण्यात मेट्रोचे खांब उभे राहिले, खाडीकाठी मनोरे आले. कुळांच्या वेशी मात्र होत्या तिथेच राहिल्या. मोबाईलच्या नकाशात रस्ते दिसतात, कुळं दिसत नाहीत. डोंगरकुळ वाटसरूकडे मौन मागतं. कोपरचं कुळ अभंगाचा एक चरण म्हणायला लावतं, बेसूर असला तरी चालतो. कोलशेतचं मीठकुळ काही मागत नाही, उलट नातं देतं. ते नातं दिखाव्याचं नसतं. मिठाच्या भावांनी इथल्या पोरींच्या लग्नात अक्षता वाटल्यात, पंगती वाढल्यात. नवरदेव म्हणून मात्र त्यांच्यातला एकही उभा राहिलेला नाही.

मुलाचं नाव सर्वेश, राहणारा कोपरचा. कोलशेतच्या देवळात सप्ताह बसला होता आणि कीर्तनाला साथ त्याची होती. डोंगराची वाट आधीच फुटते. वेशीपर्यंत यायचं त्याला काही कारण नव्हतं. तरी तो रोज यायचा.

"आजही नको?" नयन वाटी दाखवायची.

"नको. बीपी आहे."

"या वयात?"

"नवीनच आहे. इथे आलं की वाढतं."

ती ओढणीत तोंड लपवून हसली. "डोंगरावर एवढा वेळ गप्प राहून करता काय?"

"उद्या तुमच्याशी काय बोलायचं ते ठरवतो."

"आणि एवढा विचार करून... हे बोलता?"

उत्तर शोधत तो डोंगराकडे निघून गेला.

संध्याकाळी नयन देवळात बायकांच्या मागे बसायची. बुवांनी अभंग लावला की सर्वेश मृदंगावर हात ठेवायचा, आणि वाटभर दाबून धरलेलं सगळं बोटांतून बाहेर पडायचं. एकदा बुवा निरूपण थांबवून म्हणाले, "नामात मन ओतावं, तर असं!" माणसं डोलली. नयन मात्र खाली बघत बसली.

शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. त्याच सकाळी डोंगरकुळात कोणी वारलं आणि सुतक फिटेपर्यंत त्यांची वाट बंद झाली. सर्वेश अर्ध्या वाटेतून परत फिरला आणि वेशीवर येऊन उभा राहिला. देवळाकडून दौलतकाका धापा टाकत आले. नयनचे सख्खे काका. सप्ताहाचं सगळं तेच बघत.

"अरे बाबा, बुवा उभे राहिलेत! मृदंगाशिवाय काला व्हायचा का? घे मीठ नि चल."

सर्वेशने नयनकडे पाहिलं. मग देवळाच्या पताकेकडे. शेवटी त्याने तळहात पुढे केला.

"द्या," तो हळूच म्हणाला. "देवाचं काम माझ्यापायी नको अडायला."

नयनने चिमूट उचलली... आणि पुन्हा वाटीत टाकली.

"मी नाही देणार."

"अगं, वेस अडवतेस?" काका ओरडले. "असं कधी झालंय?"

"अडवत नाहीये. तुम्ही द्या ना, काका."

"मी दिलं तर माझा भाऊ. म्हणजे तुझा काकाच की!"

"मग आईला बोलवा."

"मामा होईल."

"आजी?"

"तुझ्या बापाचा मामा! पोरी, तुला त्याला करायचंय तरी कोण?"

नयनचे कान लाल झाले. सर्वेश वेशीच्या दगडाकडे बघत होता, पण हसू त्याला आवरत नव्हतं. काका दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. देवळात टाळ वाजू लागले होते.

काल्याच्या लाह्यांची परात घेऊन मागे सगळं ऐकत उभी असलेली कृतिका पुढे आली. नयनची वहिनी, गेल्या वर्षी डोंबिवलीहून या घरात आलेली. वेशीवर नेहमी घरच्या लेकी बसायच्या, कधीमधी जुनी माणसं. नव्या सुनेने बसू नये असं कुळाने कधी म्हटलं नव्हतं. तिला बसवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"काका, मी या घरचीच ना?"

"म्हणजे काय! घरचीच."

"मग ही परात धरा."

तिने चिमूटभर मीठ सर्वेशच्या तळहातावर ठेवलं. त्याने ते जिभेवर टाकलं.

"झाला माझा भाऊ."

दौलतकाकांनी मनातल्या मनात नातं लावून पाहिलं. "म्हणजे नयनच्या वहिनीचा भाऊ... अरे, तिथे तर मुलगी देतात की!"

"देतात म्हणून तर मी बोलतेय," कृतिकाने पदर खोचला. "आता मी मुलाकडची. आमचा मुलगा देवाधर्माचा आहे, मृदंग वाजवतो. नोकरीचं मीच अजून विचारलेलं नाही. तुमच्या मुलीची पसंती कळवा."

"काल्यानंतर सांगते," नयन पुटपुटली.

"आत्ता सांगा," सर्वेश म्हणाला. "नाहीतर माझा ठेका चुकेल."

"चुकू दे... नाही, नको. काल्याला नको चुकायला." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "हो. आहे पसंत... जा आता!"

तो पळाला. मागोमाग परात सांभाळत काका, आणि त्यांच्यामागे कृतिका.

नयनला वेस सोडता येत नव्हती. ती एकटीच देवळाकडे कान लावून बसली. मृदंगाची पहिली थाप आली ती फारच घाईत होती. बुवांनी हात करून लय उतरवायला सांगितली असावी, कारण मृदंग क्षणभर थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला... सावकाश, ठाय लयीत, भरल्या हाताने.