जेनोवातली पाहुणी

कमी खर्चात जेनोवा दाखवावं तर मीच, हे सगळं बंदर मान्य करायचं. माझा जन्म तिथल्याच गल्ल्यांतला. कुठल्या दिवशी कुठलं संग्रहालय फुकट, कुठली लिफ्ट बसच्या तिकिटावर चालते, कुठल्या नळाचं पाणी गार, सगळं तोंडपाठ. पाठीवर पिशवी टाकून येणाऱ्या पोरापोरींना मी सात वर्षं हिंडवत होते.

त्या मंगळवारी एकटी मार्या आली. एस्टोनियाची, पंचविशीची, पिशवी तिच्याहून रुंद. आम्ही इंग्रजीत बोलत होतो.

"जेनोवात पहिल्यांदाच?"

"इटलीतच पहिल्यांदा," ती म्हणाली.

सोत्तोरिपाच्या कमानींखाली मासळी तळल्याचा वास दाटला होता. तिथला मासळीवाला अमेदेओ मला मी रांगत होते तेव्हापासून ओळखतो. त्यानं गरम मासळीचा पुडा मार्याच्या हातात दिला.

"लिंबू पिळलं नाहीये, तुला चालत नाही म्हणून. आईचा गुडघा कसा आहे?"

मी हसले. "अमेदेओ, चष्मा लावा. गुडघा माझ्या आईचा दुखतोय."

त्यानं माझ्याकडे गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं आणि झारा पुन्हा कढईत घातला.

"काय म्हणाले?" मार्यानं विचारलं.

"थट्टा करतायत. लिंबाबद्दल काहीतरी."

"मला लिंबू खरंच चालत नाही," मार्या म्हणाली.

योगायोग असतात. आम्ही पायऱ्यापायऱ्यांच्या गल्लीत शिरलो. वर दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या, त्यांचे थेंब मानेवर पडत होते. तिसऱ्या मजल्यावरून सिन्योरा बीचेनं दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली. मला वाचायला शिकवलं ते याच बाईनं.

"अगं, मघापासून वाट बघतेय. पाव आणलास की विसरलीस नेहमीसारखी?"

ती मार्याशी बोलत होती. मार्यानं मान वर करून काहीतरी उत्तर दिलं. बीचे खळखळून हसली.

ते उत्तर जुन्या जेनोवी बोलीतलं होतं. माझ्या पिढीत ती बोली धड कुणाला येत नाही.

"काय म्हणालीस तिला?"

"काही नाही. नुसतं नमस्कार," मार्या म्हणाली. तिचा चेहरा निर्मळ होता.

मी मनाशी ठरवलं, सगळ्यांनी मिळून माझी फिरकी घेतली आहे. आमच्या धंद्यातली माणसं टवाळ आहेत. एखादी पोरगी शिकवून पाठवली असेल. मी घाबरणाऱ्यातली नाही. पण पुढच्या चौकात मार्या न विचारता डावीकडे वळली, नंतरच्या चौकात उजवीकडे, आणि मीच तिच्या मागून चालते आहे हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"थांब. माझ्या घरी जेवू. इथं जवळच आहे," मी म्हणाले.

आईची गंमत करायची कुणाची छाती नव्हती. अडतीस वर्षं तिनं जकातीच्या कचेरीत काढली होती. ती समोर आली की हा खेळ तिथंच संपणार होता.

चार मजले चढलो. दार आईनंच उघडलं. आतून तुळशीच्या चटणीचा, पेस्तोचा वास आला.

"आलीस? पाणी कधीचं उकळतंय." आईनं मार्याच्या गालाचं चुंबन घेतलं आणि तिच्या पाठीवरची पिशवी उतरवून घेतली.

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. ती प्रसन्न हसली.

"तू. कुठल्या. देशाची?" तिनं इंग्रजीत विचारलं, एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं.

"आई, पुरे आता. मी इलारिया."

तिनं कान देऊन ऐकलं. मग मार्याकडे वळली. "काय म्हणतेय गं ही?"

मी पुन्हा बोलले. सावकाश, आमच्याच भाषेत. माझं नाव, बाबांचं नाव, मी जन्मले त्या खोलीतली खिडकी कुठे उघडते ते.

मार्या माझ्याकडे एकटक बघत होती.

"मला नाही कळत, आई," ती म्हणाली. "तिच्याकडची भाषा असेल."

आईनं मला हाताला धरून टेबलापाशी बसवलं. ताट वाढलं.

मी काहीच खाईना, तेव्हा ती शेजारी येऊन बसली, आणि काटा हातात घेऊन, फार मायेनं, कसं खायचं ते मला दाखवू लागली.