सेटकाकांचा खण

"माझा शब्द कुणीतरी जाळला," दारातून आत येत म्हातारे गृहस्थ म्हणाले, आणि समोर खुर्ची असूनही उभेच राहिले.

वहिनींनी चष्मा सावरला. खासगी तपासाची ही त्यांची एका खोलीची कचेरी. मदतीला एकटे धाकटे दीर. निवृत्तीनंतर भाऊजींना घर खायला उठे, आणि वहिनींचं डोकं आपल्या दुप्पट चालतं हे त्यांनी कधीच मान्य करून टाकलं होतं.

"आधी बसा," भाऊजी म्हणाले. "शब्द कसा जळेल?"

गृहस्थ शब्दकोशाच्या कार्यालयात होते. इंग्रजीत सगळ्यांत जास्त अर्थ दोन शब्दांना, सेट आणि रन. यांनी उभं आयुष्य सेटला दिलं होतं, समोरच्या टेबलावरच्या बाईंनी रनला. कार्यालयात त्यांना सेटकाका आणि रनमावशीच म्हणत.

"सूर्य मावळतो, सिमेंट घट्ट होतं, मोडलेलं हाड बसवतात, सापळा लावतात. सगळं सेट," काका म्हणाले. "तिचं वेगळं. माणूस पळतो, नाक वाहतं, कपड्याचा रंग जातो, दुकान चालतं. उद्या समिती अर्थांच्या कार्डांचे आमचे दोन्ही खण शेजारी ठेवून तुलना करणार. आमच्यातल्या एकालाच ठेवणार आहेत. आज सकाळी माझा खण रिकामा, आणि शेगडीत राख."

दारापर्यंत जाऊन ते वळले. "कालच एक नवा अर्थ सापडला होता हो. सूर्य मावळतो ना, तो."

बिचाऱ्याचं चित्त थाऱ्यावर नाही, असं भाऊजींना वाटलं.

शब्दकोशाच्या कार्यालयाची खोली थंड होती. कोपऱ्यात लोखंडी शेगडी होती, तळाशी ओंजळभर राख. भाऊजींनी उत्साहाने हात घातला आणि बोटात टाचणी घुसली.

"शोध लागला," वहिनी म्हणाल्या. "आणखी आहेत का बघा."

आणखी दोन-चारच निघाल्या. काकांनी सांगितलं, एका अर्थाची सगळी कार्डं एका टाचणीत, हा इथला नियम.

"राख कुणी काढली का?" वहिनींनी शिपायाला विचारलं.

"हात नाही लावला बाई. साहेबांनी बजावलंय."

"या दोघांचं पटतं?"

"छे! संध्याकाळी एकमेकांचे खण तपासायचे आणि असे भांडायचे की रस्त्यावर ऐकू जायचं. गेल्या हिवाळ्यापासून मात्र शांतता आहे, देवाची कृपा."

व्यवस्थापक कपाळाला आठ्या घालूनच आले. "माझ्यावर संशय? मला एकाला घरी पाठवायचंच होतं. त्यासाठी आग कशाला लावू? एक सही पुरे."

रनमावशी जागेवरून उठल्या नाहीत. पाठीमागचा त्यांचा खण अर्धवट उघडा होता. भाऊजींनी सवयीने तो ढकलला. तो बंद होईना.

"राहू द्या," मावशी पटकन म्हणाल्या. "रनचे अर्थ वाढलेत फार."

भाऊजींनी वहिनींना बाजूला घेतलं. "हीच. काकांचा खण गेला की हिची नोकरी पक्की. सरळ आहे."

"माणूस बरोबर ओळखलात," वहिनी म्हणाल्या. "कारण साफ चुकलात."

व्यवस्थापक आणि शिपाई गेल्यावर, काकांना शेजारच्या खोलीत बसवून वहिनींनी बाहेरचं दार लावून घेतलं.

"मावशी, टाचणी जळत नाही. अख्खा खण जळला असता तर टाचण्यांचा ढीग निघाला असता. म्हणजे थोडीच कार्डं जळली. बाकीची तुमच्या खणात आहेत, म्हणून तो बंद होत नाही. शत्रूचं काम कुणी असं जपून ठेवतं का?"

मावशींनी हात मागे नेऊन खण झाकला.

"काका मला सूर्य मावळण्याचा अर्थ सांगून गेले, आणि दारातून तोच पुन्हा, नवा म्हणून. त्यांची कार्डं वाचणाऱ्या तुम्ही एकट्या. ज्या हिवाळ्यात भांडणं थांबली, त्याच हिवाळ्यात तुम्हाला कळलं होतं की ते विसरू लागलेत."

"रोज तेच कार्ड," मावशींचा बांध फुटला. "रोज सूर्य मावळायचा. मी हळूच काढून बदली अर्थ लिहून ठेवायचे. पण अक्षर माझं, समितीला लगेच कळलं असतं. नुसती बिघडलेली काढली असती, तर एवढे दिवस काय केलं, असं समितीने विचारलं असतं. म्हणून तेवढीच जाळली आणि सगळंच जळालं असं भासवलं. जळालेल्या कामाचा मान तरी राहतो. चांगली कार्डं मी त्यांच्याच नावाने छापून घेणार होते."

मधलं दार उघडंच होतं. काका चौकटीला धरून उभे होते.

"म्हणून भांडत नव्हतात होय?" ते म्हणाले.

"कशी भांडू?"

काका खुर्चीत बसले. भाऊजींनी पाण्याचा पेला पुढे केला, तो काकांनी हातात नुसता धरून ठेवला.

"उद्या मी हे विसरेन," काका म्हणाले. "पुन्हा विचारेन, कुणी जाळलं म्हणून. तेव्हा हिचं नाव घेऊ नका. आणि माझ्या विसरण्याचंही मला काही सांगू नका. एकदा ऐकलं, पुरे झालं."

घरी येताना वहिनींनी चष्मा काढून पिशवीत टाकला. गुन्हा उकलल्यावर त्यांना इतकं हरलेलं भाऊजींनी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं.

"माझा शब्द कुणीतरी जाळला," काका म्हणाले, आणि उभेच राहिले.

वहिनींनी मान खाली घातली. भाऊजींनी खुर्ची पुढे ओढली.

"बसा काका," ते म्हणाले. "आम्ही शोधतोय."