हरभऱ्याचा दाखला

वीज गेली, तशी पुलगावच्या त्या कॉलेजातल्या वाचनालयातली पोरं जानेवारीच्या कोवळ्या उन्हात पायऱ्यांवर येऊन बसली. साल अठ्ठ्याण्णव, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. नाचणगावची मोहिनी डोळे मिटून, डुलत डुलत घोकत होती, "अंतःशोषण म्हंजे... अंतःशोषण म्हंजे..."

"म्हंजे काय?"

तिने डोळे उघडले. शेजारी वर्गातलाच रोशन. आजवर कधी बोलला नव्हता.

"पुस्तकात आहे नं व्याख्या!" ती फणकारली.

"पुस्तक मिटा. तुमच्या शब्दांत सांगा."

तिला सांगता येईना. तो हसला. "हरभरे भिजू घालता नं? सकाळी टम्म फुगतेत. पाणी सालातून आत गेलं... झालं अंतःशोषण!"

रोशनच्या अभ्यासाची रीतच ती. वाचायचं, पुस्तक मिटायचं, कुणालातरी समजावून सांगायचं. जिथे अडखळलो, तिथे आपण कच्चे. रोज ऐकायला मोहिनी बसू लागली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. सांगता सांगता तो तिच्याकडे बघून थबकायचा... ती केस कानामागे सारत म्हणायची, "मंग पुढं?"

बहिणीच्या लग्नापायी ती आठवडाभर आली नाही. परतली, तर पायऱ्यांवर रोशनसमोर रक्षा! किराणावाल्यांची गोरीपान रक्षा, हसली की अख्खी बांगड्यांसकट हसणारी.

"रोशन काय मस्त सांगते गं!" रक्षा म्हणाली. "हरभरे भिजू घातले का..."

मोहिनीच्या अंगाची लाहीलाही झाली. तो हरभरा आपला होता!

मग ती आत खिडकीशी बसू लागली. डोळे ओळीवर, कान पायऱ्यांवर. बांगड्या किणकिणल्या की वाचलेलं सगळं पुसलं जाई. प्रिलिममध्ये ती कशीबशी पास झाली. रोशन पहिला आला.

त्या संध्याकाळी नाचणगावच्या रस्त्यावर त्याने सायकल आडवी घातली.

"काऊन रागावली?"

"मी कोण रागावणारी? तुले नवी ऐकणारी भेटली नं!"

"तिच्यासमोर सारं धडाधडा आठवते मले."

"मंग बस नं तिच्याचपाशी!" तिचा आवाज चिरकला.

"ऐकून तं घे... मले बी.एड.ले लागाचं आहे. मार्क पाहिजे. आन् तू समोर असली का — मी अर्ध्यातच विसरून जातो."

"काऊन विसरते?" उत्तर ठाऊक असूनही तिला ते ऐकायचं होतं.

तो हँडलची घंटी उगाच चाचपत राहिला. "तू... आवडते मले, मोहिनी."

तिचे गाल तापले होते. तरी रक्षाचं हसणं मनातून जाता जाईना.

"परीक्षेपर्यंत शिकव तिले," ती शेवटी म्हणाली. "पण तिच्याकडे पाहून जास्त हसू नको. आन् बी.एड.ले नंबर लागला का घरी येजो... माझ्या बाबाले भेटाले."

रोशनचा चेहरा उजळला. ती दोन पावलं चालून वळली —

"तिथं मात्र काई विसरू नको!"