कमलची माहेरची साडी

सुरतेतल्या नवागामच्या मोकळ्या मैदानात कॉलेजच्या मुलामुलींनी बांबू रोवून प्रदर्शन मांडलं होतं. विषय, समाजातली हिंसा. दंगलीची चित्रं होती, फुटक्या बांगड्यांची होती. मंदाबाईंना चित्र काढता येत नव्हतं. त्यांनी घरून एक कोरी हिरवी साडी आणली, बांबूवर टांगली आणि खाली पाटीवर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'कमलची माहेरची साडी. ही नेसवायच्या आत प्रेत का जाळलं?'

बाई गेली की शेवटची साडी माहेरची नेसवायची, ही आपली खानदेशातली रीत. कमल स्टोव्हच्या भडक्यात गेली, असं सासरचे म्हणाले. तिला लहानाची मोठी करणारी तिची मावशी, मंदाबाई, साडी घेऊन धावली, तोवर चिता विझत आली होती.

दिवेलागणीला भाईदास आला. कमलचा सासरा.

"विहीणबाई, काढा ते. आमची इज्जत काढता का चारचौघांत?"

"असली तर काढीन ना, व्याही!"

प्रदर्शन भरवणारी अनुजा कुजबुजली, "आजी, हा माणसं आणून सगळं मोडेल..."

"मोडू दे. शाळेची पायरी चढले नाही मी, पण गिरवून शिकलेली ही अक्षरं माझी आहेत. पुसायची नाहीत."

भाईदासनं साडीला हात घातला आणि त्याच क्षणी लाइट गेली. मागच्या कापड कारखान्यातले लूम खडखडत थांबले. कानांत दडे बसावेत अशी शांतता. वाऱ्याची झुळूक नाही, पण अंधारात कोरी साडी सळसळू लागली... कुणी निऱ्या घालत असावं तशी. बांगड्या किणकिणल्या. मग रॉकेलचा वास आला.

"कोण... कोण आहे?" भाईदासनं साडीवरचा हात काढला.

मंदाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"नेस बाई," त्या हळूच म्हणाल्या. "सावकाश नेस. मी आहे इथं."

लाइट आली. हिरवी साडी नव्हती. त्याच बांबूवर दुसरीच लोंबत होती, गुलाबी फुलांची, पदरापासून अर्धी जळालेली.

भाईदास दोन पावलं मागे सरला. "ही... ही तर तिच्या अंगावरच..."

अनुजा घाबरून पाटी उचलायला वाकली. मंदाबाईंनी तिचा हात धरला. त्यांची मान ताठ होती.

"राहू दे. माझ्या पोरीनं माहेरचं नेसलं. तिनं उतरवलेलं आता बघू दे सगळ्या सुरतेला."

त्यांनी जळक्या काठाला बोटं लावली आणि चटकन मागे घेतली.

काठ अजून गरम होता.