न सारवलेली भिंत

सत्त्याण्णव सालची गोष्ट. बेंदूर तोंडावर आला होता आणि अंथुर्ण्यातल्या बायांचे हात शेणामातीतून निघत नव्हते. सारजाही ओसरीची भिंत सारवत होती. तेवढ्यात दारात सायकल टेकली आणि कुणीतरी म्हणालं, "ओ ताई, थांबा. कालच फवारलीय ती भिंत."

सारजानं वळून पाहिलं. खांद्याला पिशवी, कपाळावर घाम. गावात नवा आलेला आरोग्य सेवक, मल्हार. हिवतापाची फवारणी नीट झाली की नाही ते पाहत दारोदार फिरत होता.

"फवारली म्हणूनच सारवतीया," ती म्हणाली. "पांढरं डाग बघा की. भिंतीला नायटा झाल्यागत दिसतंय. सणाला अशीच ठिऊ व्हय?"

मल्हारनं उन्हात उभं राहून समजावलं. रक्त प्यालं की डासाची मादी जड होते, तिला लांब उडवत नाही, मग जवळच्या भिंतीवर बसते. भिंतीवर औषध असलं तर तिथंच मरते. वरून शेणमाती लावली की औषध खाली गाडलं जातं. सारजानं सगळं ऐकून घेतलं आणि तो वळताच उरलेली भिंतही सारवून टाकली. परक्याच्या सांगण्यावरून सणाची रीत कोण मोडतं?

श्रावणात तिच्या आईला, आक्काबाईला, थंडी वाजून ताप भरला. अंगावर घरातल्या सगळ्या वाकळा टाकल्या तरी दात वाजायचे थांबेनात. मल्हार आला. बोटाला सुई टोचून त्यानं काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतला. तपासणीत हिवताप निघाला. 'मी सांगितलं होतं', असं काही तो म्हणाला नाही. त्यानं नुसतं भिंतीकडे पाहिलं आणि आईला गोळ्या कशा द्यायच्या ते सांगितलं. सारजाला तेच जास्त लागलं. रागावला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

आधी तो गोळ्या द्यायला येई. गोळ्या संपल्या, आक्काबाई हिंडू फिरू लागली, तरी येतच राहिला. एकदा हौदात गप्पी मासे सोडायला आला, पुढं ते जगले का बघायला. सारजाच्या बापानं, म्हस्कूतात्यांनी, त्याचं गाव-घर विचारून घेतलं. गडी कऱ्हाटीचा निघाला, आपल्यातलाच, आज्यानं मेंढरं राखलेली. मग तात्याही त्याला चहाशिवाय सोडेनात. आणि 'ताई' म्हणायचं मल्हारनं कधी बंद केलं, ते फक्त सारजाच्या ध्यानात आलं.

एका दुपारी ती शेळ्या घेऊन कालव्याकडे गेली, तर हा पाझराच्या पाण्यात वाकलेला. पळीत पाणी घेऊन त्यानं तिला डासांच्या अळ्या दाखवल्या. त्या बघायला दोघं इतके जवळ वाकले की तिची वेणी त्याच्या हाताला लागली... पळीतलं पाणी जरा हिंदकळलं.

"चावती ती मादीच," तो घाईघाईनं म्हणाला. "अंडी घालायला तिला रक्त लागतं."

"आन् नर?"

"त्यो फुलांतला रस पितो. कुणाच्या वाटंला जात न्हाय."

"मंजी..." सारजानं पदर दातात धरला. "निस्त्या घिरट्या घालतो? बोलत काय न्हाय?"

मल्हारचे कान लाल झाले. पण बोलला नाहीच. डासाचा जन्म सांगायला लागला की गड्याला थांबवावं लागे, आणि जे सांगायचं तिथं मात्र तोंडाला कुलूप. न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

दसऱ्याचं सारवण उरकल्यावर फवारणीची दुसरी फेरी झाली. दसरा झाला आणि तात्यांनी सांगितलं, कोऱ्हाळ्याचे पाहुणे सारजाला बघायला येणार. मुलगा साखर कारखान्यात, शेतीला पाणी. सारजानं हे मल्हारला मुद्दाम सांगितलं. तो सायकलच्या घंटीवरची धूळ पुसत राहिला. मग म्हणाला, "चांगलं हाय की." त्या रात्री ती जेवली नाही.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आक्काबाईनं शेणमाती कालवून दिली. पाहुणा आधी घर बघतो, मग पोरगी. सारजानं हात बुडवला, भिंतीपर्यंत नेला आणि तशीच उभी राहिली. आईचे वाजणारे दात तिला आठवले. त्यामागं आणखी एक कारण होतं, तेही तिला ठाऊक होतं. तिनं हात धुतले.

"आईला परत ताप आला तर?" एवढंच ती तात्यांना म्हणाली.

पाहुणे आले. पोहे खाता खाता मुलाची आत्या डागाळलेल्या भिंती न्याहाळत राहिली आणि उठताना म्हणाली, "बघाय येणार म्हायती आसून भित सारवली न्हाय. आळशी पोरगी आमास्नी कशाला?" स्थळ मोडलं. तात्या दिवसभर गोठ्यातच बसून राहिले.

फवारणीपायी सोयरीक मोडली, ही बातमी मल्हारपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो आला आणि गोठ्यात तात्यांपुढं मान खाली घालून उभा राहिला. चूक आपली आहे, आपण स्वतः कोऱ्हाळ्याला जाऊन त्या लोकांना समजावतो, म्हणाला. तात्या म्हणाले, जा. तो निघताना सारजा सायकलीपुढं उभी राहिली.

"खरंच निगालात?"

"माज्यापायी तुमचं नुसकान नगं..."

"नुसकान?" ती म्हणाली. "आईच्या तापाचं भ्या वाटलं, ते खरं हाय. पर नुसत्या त्येच्यासाठी मी भित ठिवली न्हाय. मला त्या घरात जायचंच नव्हतं. तुमास्नी कळत कसं न्हाय वं?"

मल्हारनं सायकल भिंतीला टेकवली. "मला..." तो हळूच म्हणाला, "कवाचं बोलायचं हुतं. मला वाटलं, कारखान्यातली नोकरी, पाण्याची जमीन... तुमी सुखात ऱ्हाशीला."

"माजं सुक मला ठरवू द्या. कोऱ्हाळ्याला जाऊ नका. कऱ्हाटीला जावा, आन् तुमच्या आईला घिऊन या."

तो हसला. एवढ्या महिन्यांत असं मोकळं हसताना तिनं त्याला पाहिलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

गोठ्यातून तात्यांनी विचारलं, "निगाला का रं कोऱ्हाळ्याला?"

"न्हाय तात्या," मल्हार म्हणाला. "घरला. आईला घिऊन येतो."

तात्या बाहेर आले. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. सारजानं मान खाली घातली नाही.

"निस्ती आई आणून कसं भागंल?" तात्या म्हणाले. "मामाला बी आण. बैठकीत बोलायला कुणी तरी लागंल, तुला काय बोलाय येत न्हाय."